आमेन एक, वेदी दोन

२३ ऑक्टोबर २०२५ रोजी दुपारी व्हॅटिकनमधील सिस्टीन चॅपेलमध्ये एक छोटीशी प्रार्थना झाली. मायकेलअँजेलोच्या 'अंतिम न्याय' या भव्य चित्राखाली पोप लिओ चौदावे आणि इंग्लंडमधील यॉर्कचे अँग्लिकन आर्चबिशप स्टीफन कॉट्रेल यांनी मध्यान्ह प्रार्थनेचे नेतृत्व केले. कँटरबरीच्या नव्या आर्चबिशपांनी त्या वेळी पदग्रहण केलेले नव्हते. समोर इंग्लंडचे राजे चार्ल्स तिसरे आणि राणी कॅमिला बसले होते. सिस्टीन चॅपेलचे गायकवृंद आणि इंग्लंडच्या राजघराण्याच्या चॅपेलांचे गायकवृंद एकत्र गायले. संत अँब्रोज यांच्या लॅटिन स्तोत्राचा संत जॉन हेन्री न्यूमन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद तेथे गाण्यात आला. न्यूमन हे आधी अँग्लिकन धर्मगुरू होते, १८४५ साली ते कॅथलिक ख्रिस्तसभेत आले. या प्रार्थनेनंतर नऊ दिवसांनी, १ नोव्हेंबर रोजी, पोप लिओ यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले.

या घटनेकडे जगभरच्या प्रसारमाध्यमांचे लक्ष गेले, त्याचे कारण उघड आहे. इंग्लंडचा राजा हा चर्च ऑफ इंग्लंडचा सर्वोच्च प्रशासक असतो. १५३४ साली राजे आठवे हेन्री यांनी स्वतःला इंग्लंडमधील ख्रिस्तसभेचे प्रमुख ठरवून घेतले आणि रोमशी असलेले नाते तोडले. तेव्हापासून, म्हणजे जवळजवळ पाचशे वर्षांत, इंग्लंडचा राजा आणि पोप यांनी एकत्र सार्वजनिक प्रार्थना केलेली नव्हती. भेटी झाल्या होत्या, भेटवस्तूंची देवाणघेवाण झाली होती, राजदूतही नेमले गेले होते. डोळे मिटून एका सुरात प्रार्थना मात्र झाली नव्हती. १५३४ हे साल वसईच्या वाचकांना अनोळखी नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. लंडनमध्ये एक दार बंद होत असताना आपल्या किनाऱ्यावर दुसरे दार उघडले जात होते.

पुढे महिन्याभराने आणखी एक प्रार्थना झाली. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी तुर्कस्तानातील इझनिक येथे, म्हणजे प्राचीन नायसिया नगरीत, पोप लिओ आणि कॉन्स्टँटिनोपलचे ऑर्थोडॉक्स कुलगुरू बार्थोलोम्यू एका तळ्याच्या काठी उभे राहिले. शतकानुशतके तळ्याच्या पाण्याखाली राहिलेल्या संत निओफितोस यांच्या प्राचीन मंदिराच्या अवशेषांजवळ त्यांनी इतर ख्रिस्ती पुढाऱ्यांसह नायसियाचा विश्वासांगीकार म्हटला. इ. स. ३२५ मध्ये याच नगरीत ख्रिस्तसभेची पहिली विश्वपरिषद भरली होती. तिला १७०० वर्षे पूर्ण झाली, हे त्या भेटीचे निमित्त होते.

वाचकहो, या दोन प्रार्थना आपण दूरचित्रवाणीवर किंवा मोबाइलवर पाहिल्या असतील. पाहताना काहींना आनंद वाटला असेल, तर काहींच्या मनात एक शंकाही आली असेल. राजे आणि पोप यांनी अर्धा तास एकत्र प्रार्थना केल्याने नेमके काय साधले? त्या संध्याकाळी अँग्लिकन आपल्या चर्चमध्ये गेले, कॅथलिक आपल्या. मिस्साबलिदानाची वेदी काही एक झाली नाही. मग हा केवळ सौजन्याचा सोहळा होता काय? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर शोधायचे तर एकत्र प्रार्थनेचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

मनाई होती, ती का?

आजच्या तरुण वाचकांना कदाचित नवल वाटेल, पण आपल्या आजोबांच्या काळी कॅथलिकांना इतर ख्रिस्ती पंथीयांबरोबर उपासनेत सहभागी होण्यास मनाई होती. १९१७ सालच्या धर्मकायद्याच्या संहितेत १२५८ व्या कलमाने कॅथलिकेतर उपासनेत सक्रिय भाग घेण्यास बंदी घातली होती. लग्नाला किंवा अंत्यविधीला जावे लागलेच तर सौजन्य म्हणून नुसते हजर राहण्याची तेवढी मुभा होती. १९२८ साली पोप पायस अकरावे यांनी 'मोर्तालियुम आनिमोस' या परिपत्रकाद्वारे कॅथलिकांना त्या काळच्या ऐक्य परिषदांपासून दूर राहण्यास सांगितले.

ही मनाई द्वेषातून आली होती असे समजणे अन्यायाचे ठरेल. 'सगळे पंथ सारखेच, कोठेही गेले तरी चालते' अशी समजूत लोकांमध्ये रुजेल आणि सत्याविषयीची तळमळच आटेल, ही भीती तिच्यामागे होती. प्रार्थना ही विश्वासाची भाषा आहे. ज्यांचा विश्वास वेगळा, त्यांनी एकच शब्द उच्चारले तर ते शब्द पोकळ होतील, असे तो युक्तिवाद सांगत असे. हा युक्तिवाद आजही पूर्णपणे टाकाऊ झालेला नाही, हे आपण पुढे पाहणार आहोत.

पण त्या भिंतीला तडे जात होते. २० डिसेंबर १९४९ रोजी रोमच्या पवित्र कार्यालयाने एक निर्देश काढला. ऐक्यासाठी भरणाऱ्या बैठकांच्या आरंभी किंवा अखेरीस सर्वांनी मिळून प्रभूने शिकवलेली प्रार्थना किंवा ख्रिस्तसभेने संमत केलेली एखादी प्रार्थना म्हणण्यास हरकत नाही, असे त्यात म्हटले होते. एवढीशी सवलत! जणू बंद दाराखालच्या फटीतून प्रकाशाची एक रेघ आत आली. पंधरा वर्षांनी ते दार उघडले. ५ जानेवारी १९६४ रोजी पोप पॉल सहावे आणि कुलगुरू अथेनागोरास यांची जेरुसलेममध्ये भेट झाली. पूर्व आणि पश्चिमेच्या या दोन पदांवरील व्यक्ती १४३९ नंतर प्रथमच समोरासमोर आल्या होत्या. त्यांनी योहानकृत शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय एकत्र वाचला. आपल्या शिष्यांनी एक व्हावे म्हणून प्रभू येशूने दुःखसहनापूर्वी पित्याला केलेली विनवणी याच अध्यायात आहे.

त्याच वर्षी २१ नोव्हेंबर रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश प्रसृत केला. हृदयपरिवर्तन, पवित्र जीवन आणि ऐक्यासाठी केलेली प्रार्थना हा ऐक्य चळवळीचा आत्मा आहे, असे त्या आदेशाच्या आठव्या परिच्छेदात सांगितले आहे. ऐक्यासाठीच्या सभांमध्ये इतर ख्रिस्ती बंधुभगिनींबरोबर प्रार्थना करणे हे नुसते चालण्याजोगे नाही, तर इष्ट आहे, अशी शिकवण तेथे मिळते. मात्र त्याच परिच्छेदात एक सावधगिरीही आहे. संस्कारांमध्ये एकत्र सहभागी होणे हे ऐक्य घडवण्याचे साधन म्हणून सरसकट वापरता येणार नाही, असे परिषदेने बजावले. १९४९ ची फट आणि १९६४ चे उघडे दार यांत फरक मोठा असला, तरी दाराला उंबरठा आहे, हे परिषदेने लपवले नाही.

'तुम्ही आमच्याकडे या' पासून 'प्रभूला हवे तसे' पर्यंत

आपण दरवर्षी १८ ते २५ जानेवारी या काळात ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना सप्ताह पाळतो. त्याची जन्मकथा बोधप्रद आहे. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातील ग्रेमूर येथे फादर पॉल वॉटसन आणि धर्मभगिनी लुराना व्हाइट या दोघा अँग्लिकन परंपरेतील व्यक्तींनी १९०८ साली ही प्रार्थना सुरू केली. सर्व ख्रिस्ती लोकांनी पोपमहोदयांच्या नेतृत्वाखाली एकत्र यावे, हा त्यांचा हेतू होता. त्यांनी स्वतः १९०९ साली कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. ही प्रार्थना मनापासूनची होती, पण तिच्यात एक अडचण होती. प्रॉटेस्टंट वा ऑर्थोडॉक्स भाविकाला ती प्रामाणिकपणे म्हणता येत नव्हती. 'तुम्ही आमच्या घरी या' एवढाच तिचा अर्थ त्याच्या कानी पडत असे.

ही अडचण फ्रान्समधील लियाँचे धर्मगुरू पॉल कुतुरिए यांच्या लक्षात आली. १९३० च्या दशकात त्यांनी या सप्ताहाचा रोख बदलला. ऐक्य कसे आणि कोणत्या वाटेने यावे, हे आपण देवाला सुचवू नये. ख्रिस्ताला जसे हवे आणि ज्या मार्गाने हवे तसे ते यावे, एवढेच मागावे, असे त्यांनी सांगितले. ही प्रार्थना कोणीही आपला विश्वास गहाण न टाकता करू शकत होता. शिवाय ती प्रत्येकाला अंतर्मुख करणारी होती, कारण ख्रिस्ताला हवे तसे ऐक्य आले तर बदलावे लागणाऱ्यांत आपणही असू शकतो. १९६८ पासून या सप्ताहाचे प्रार्थनासाहित्य व्हॅटिकन आणि जागतिक ख्रिस्ती मंडळी परिषद यांच्या वतीने संयुक्तपणे तयार होते. दरवर्षी एखाद्या देशातील ख्रिस्ती समूहाकडे त्याचा मसुदा सोपवला जातो.

२०१३ साली हा मान भारताला मिळाला होता, हे आपल्यापैकी किती जणांना आठवते? भारतीय विद्यार्थी ख्रिस्ती चळवळीने कॅथलिक विद्यार्थी महासंघ आणि राष्ट्रीय ख्रिस्ती मंडळी परिषद यांच्या साहाय्याने तो मसुदा केला. मीखा संदेष्ट्याच्या सहाव्या अध्यायातील एक प्रश्न त्यांनी विषय म्हणून निवडला : देव आपल्यापाशी काय मागतो? दलितांवरील अन्याय हा त्या चिंतनाचा गाभा होता. जगभरच्या ख्रिस्ती लोकांनी त्या जानेवारीत आपल्या देशातील जातिभेदाविषयी देवापुढे गुडघे टेकले. ऐक्य म्हणजे केवळ पंथापंथांतील ऐक्य नव्हे, एकाच चर्चमध्ये बसणाऱ्या दोन जातींतीलही ऐक्य आहे, हे भारताच्या तरुणांनी जगाला ऐकवले. २०२६ च्या सप्ताहाचे साहित्य आर्मेनियन ख्रिस्ती बांधवांनी तयार केले. एक शरीर, एक आत्मा आणि एक आशा हा पौलाच्या इफिसकरांस पत्रातील विचार त्याचा विषय होता.

जे साधले आणि जे साधले नाही

आता पुन्हा मूळ शंकेकडे वळू. एकत्र प्रार्थनेने काय होते?

नायसियाच्या तळ्याकाठी काय घडले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. विश्वासांगीकारात पवित्र आत्मा पित्यापासून 'आणि पुत्रापासून' उद्भवतो, असे पश्चिमेकडील ख्रिस्ती लोक म्हणतात. 'आणि पुत्रापासून' हे शब्द मूळ विश्वासांगीकारात नव्हते. पश्चिमेत ते नंतर जोडले गेले आणि पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स बांधवांनी ते कधीच मान्य केले नाहीत. १०५४ च्या दुफळीमागील कारणांत या शब्दांचाही वाटा होता. इझनिक येथे पोप लिओ यांनी कुलगुरूंसमवेत जो विश्वासांगीकार म्हटला, त्यात हे शब्द नव्हते. पोपमहोदयांनी आपली शिकवण सोडली असा याचा अर्थ होत नाही. जे शब्द दोघांच्याही पूर्वजांनी एकत्र उच्चारले होते, तेवढेच त्यांनी पुन्हा एकत्र उच्चारले. वादाचा मुद्दा सुटला नाही, पण तो मुद्दा प्रार्थनेच्या आड येऊ दिला गेला नाही. ईस्टरची एकच तारीख शोधण्याचा निर्धार दोघांनी दुसऱ्या दिवशी संयुक्त निवेदनात व्यक्त केला. २०२५ साली दोन्ही दिनदर्शिकांनुसार ईस्टर २० एप्रिललाच आला होता. योगायोगाने जे एकदा घडले ते ठरवून घडावे, अशी ही इच्छा आहे.

सिस्टीन चॅपेलमधील प्रार्थनेनंतर राजे चार्ल्स रोममधील संत पॉल यांच्या महामंदिरात गेले. तेथे त्यांना त्या मठाचे 'राजबंधू' हा सन्मान देण्यात आला आणि त्यांच्यासाठी खास बनवलेली खुर्ची मांडण्यात आली. सर्वांनी एक व्हावे, या अर्थाचे योहान १७ मधील लॅटिन शब्द त्या खुर्चीवर कोरले आहेत. खुर्ची कायमची तेथेच राहणार आहे. खुर्ची मांडणे म्हणजे घरात जागा देणे. पण जेवणाचे पान अजून वाढलेले नाही, हेही तितकेच खरे.

कारण मतभेद खरे आहेत. १८९६ साली पोप लिओ तेरावे यांनी अँग्लिकन पौरोहित्यदीक्षा वैध नसल्याचा निर्णय दिला, आणि तो आजही कायम आहे. अँग्लिकन समूहात स्त्रियांना धर्मगुरू आणि बिशप म्हणून दीक्षा दिली जाते. कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी ३ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रथमच एका महिलेचे, सारा मलाली यांचे, नाव जाहीर झाले. कॅथलिक ख्रिस्तसभेची भूमिका वेगळी आहे. ख्रिस्तशरीराविषयीची शिकवण, पोपमहोदयांचे स्थान, पवित्र मरियेची भक्ती या गोष्टी एका प्रार्थनेने मिटणाऱ्या नाहीत. त्या मिटल्या आहेत असे भासवून एका वेदीवर जाणे म्हणजे जुन्या काळच्या त्या भीतीला खरे ठरवणे होय. शब्द पोकळ होतात ते असेच.

म्हणून एकत्र प्रार्थना दोन कामे एकाच वेळी करते. जेवढे आपले समान आहे तेवढे ती जिवंत ठेवते : बाप्तिस्मा, पवित्र शास्त्र, प्रभूने शिकवलेली प्रार्थना, प्रभूचे क्रूसावरील मरण आणि पुनरुत्थान. आणि जेवढे समान नाही त्याचे दुःख ती आपल्याला विसरू देत नाही. दुरावलेले भाऊ एकमेकांशी बोलतच नसतील, तर त्यांना दुराव्याची सवय होते. एकत्र बसून बोलतात आणि जेवायला वेगळे उठतात, तेव्हा ती वेगळी ताटे खुपतात. ते खुपणे हीच ऐक्याची सुरुवात आहे.

आपल्या घरातील प्रश्न

हे सर्व रोमचे आणि इझनिकचे झाले. आपल्या घरचे काय?

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर या भागांत कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट कुटुंबे शेजारीशेजारी राहतात, एकाच कार्यालयात काम करतात, एकमेकांच्या मुलामुलींशी विवाह करतात. अशा मिश्र घरातील एक प्रसंग अनेकांनी अनुभवला असेल. घरात कोणी वारले आहे. रात्री शेजारीपाजारी, नातेवाईक जमले आहेत. एक बाजू जपमाळ सुरू करते, दुसरी बाजू मान खाली घालून गप्प राहते. मग कोणीतरी प्रभूने शिकवलेली प्रार्थना सुरू करतो आणि सगळे खोलीभर आवाजात ती म्हणू लागतात. शेवटी 'वाइटापासून सोडव' या मागणीशी कॅथलिक थांबतात. प्रॉटेस्टंट बांधव राज्य, सामर्थ्य आणि गौरव देवाचे आहे अशी स्तुती करीत पुढे जातात. क्षणभर खोलीत गोंधळ होतो. थांबलेले ओशाळतात, पुढे गेलेले आवाज खाली आणतात. मग सगळेच आमेन म्हणतात.

या एका क्षणात शतकांचा इतिहास दडलेला आहे. ही अखेरची स्तुती मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत आढळत नाही. परंतु तिच्यासारखे शब्द 'दिदाखे' या आद्य ख्रिस्ती ग्रंथात आहेत, म्हणजे प्रार्थनेत ती फार लवकर आली. सुधारणावादी परंपरेने ती प्रार्थनेचाच भाग म्हणून स्वीकारली. आणि आपण कॅथलिक ती म्हणत नाही काय? म्हणतो! व्हॅटिकन परिषदेनंतर सुधारलेल्या मिस्साविधीत, धर्मगुरूंनी मध्ये एक छोटी प्रार्थना केल्यानंतर, आपण सर्व जण दर रविवारी तीच स्तुती म्हणतो. शब्द दोघांचेही तेच आहेत, फक्त थांबण्याची जागा वेगळी आहे. त्या रात्री त्या घरात कॅथलिकांनी न थांबता सोबत पुढे गेले, तर कोणताही सिद्धांत मोडत नाही. शोकाकुल घराला मात्र तेवढाच आधार वाटतो.

मिश्र विवाहातील जोडप्यांचे दुःख याहून खोल आहे. धर्मकायद्याप्रमाणे अशा विवाहाला बिशपांची अनुमती लागते, आणि मुलांना कॅथलिक विश्वासात वाढवण्यासाठी शक्य ते सर्व करीन, असे वचन कॅथलिक वधूला किंवा वराला द्यावे लागते. हा विवाहविधी सर्वसाधारणपणे मिस्साबलिदानाशिवाय होतो, कारण त्याच दिवशी एकाने ख्रिस्तशरीर घ्यावे आणि दुसऱ्याने नाही, हे दृश्य टाळायचे असते. पण लग्नानंतरचे रविवार कोण टाळणार? पतिपत्नी एका घरात एक संसार करतात, एका अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा करतात, आणि रविवारी सकाळी एक जण वेदीकडे जातो तेव्हा दुसरा बाकावर बसून राहतो. १९८३ च्या संहितेचे ८४४ वे कलम मरणाच्या धोक्यासारख्या काही प्रसंगी ठरावीक अटींवर सवलत देते, पण ती अपवादासाठी आहे. अशा कुटुंबांना धर्मग्रामात 'अर्धे आपले' म्हणून वागवले गेले, तर ती दोन्ही चर्चपासून दुरावतात. आपल्या अनुभवात असे घडताना आपण पाहिलेले नाही, असे कोण छातीठोकपणे म्हणेल?

या कुटुंबांसाठी घरातील एकत्र प्रार्थना हा शिष्टाचार राहत नाही. वेदी जे अजून देऊ शकत नाही, त्याची भूक ती जागी ठेवते. शुभवर्तमानातील एक उतारा वाचणे, एक स्तोत्र म्हणणे, दिवसाचे आभार मानणे, एकमेकांसाठी मागणे : यात कोणालाही आपला विश्वास लपवावा लागत नाही.

मराठी मातीतील वारसा

एकत्र प्रार्थनेसाठी आपल्याकडे जी भाषा आहे, ती तरी कोणी दिली? १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज होते. राणी एलिझाबेथ यांच्या राजवटीत इंग्लंडमध्ये कॅथलिक उपासनेवर बंदी आली होती. स्टीफन्स रोमला गेले, १५७५ साली येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ साली गोव्यात आले. ज्या फुटीची जखम सिस्टीन चॅपेलमध्ये प्रार्थनेने हळुवार पुसली गेली, त्याच फुटीने एका इंग्रजाला आपल्या दारी आणून मराठीला तिचे ख्रिस्ती महाकाव्य दिले. देव वाकड्या रेघांनीही सरळ लिहितो, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

आणि तीनशे वर्षांनी रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले टिळक हे प्रॉटेस्टंट मंडळीचे. त्यांचे अपूर्ण राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. टिळकांची भक्तिगीते आज कॅथलिक गायकवृंदही गातात, आणि गाताना कवी कोणत्या मंडळीचा हे कोणी विचारीत नाही. धर्मपंडितांच्या बैठका सुरू होण्याच्या कितीतरी आधी आपल्या चर्चमधील पेटी आणि तबला यांनी ऐक्याचा एक ठराव संमत करून टाकला होता. प्रॉटेस्टंट बांधवांनीही ऐक्याचा धडा आपल्या आधी गिरवला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्याच राज्यात, नागपूर येथे, सहा मंडळ्यांनी आपले वेगळेपण बाजूला ठेवून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले.

रक्ताने लिहिलेली प्रार्थना

ऐक्याची निकड का आहे, याचे सर्वांत कठोर उत्तर आपल्याच देशाने दिले आहे. २२ जानेवारी १९९९ च्या मध्यरात्री, म्हणजे नेमक्या ऐक्य सप्ताहातच, ओडिशातील मनोहरपूर येथे कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व टिमोथी ही दोन लहान मुले यांना गाडीत झोपेत असताना जिवंत जाळण्यात आले. ते प्रॉटेस्टंट होते. त्याच वर्षी सप्टेंबरच्या आरंभी मयूरभंज जिल्ह्यात कॅथलिक धर्मगुरू अरुल दास यांची हत्या झाली. दोन्ही गुन्ह्यांत न्यायालयांनी दोषी ठरवलेला प्रमुख आरोपी एकच होता. मारणाऱ्याने पंथ विचारला नाही. २०२३ साली मणिपूरमध्ये हिंसाचार उसळला, तेव्हाही आगीने बॅप्टिस्ट चर्च आणि कॅथलिक चर्च असा भेद केला नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस याला रक्ताचे ऐक्य म्हणत असत. २०१५ साली लिबियाच्या समुद्रकिनारी मारल्या गेलेल्या २१ जणांची, ज्यांत २० कॉप्टिक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि त्यांच्यासोबतचा एक घानाचा तरुण होता, नावे त्यांनी २०२३ साली रोमच्या हुतात्म्यांच्या यादीत घेतली. ज्यांच्याबरोबर आपण एका वेदीवर जाऊ शकत नाही, त्यांचे मरण ख्रिस्तसभेने आपले मानले. मेलेल्यांना एक मानणाऱ्या आपण जिवंतांबरोबर वर्षातून एकदा तरी प्रार्थनेला बसू नये काय?

जानेवारीपूर्वी

प्रामाणिकपणे सांगायचे तर आपल्या बहुतेक धर्मग्रामांत ऐक्य सप्ताह हा रविवारच्या मिस्सातील एका विनंतीपुरता उरला आहे. विनंती वाचली जाते, 'प्रभो, आमची प्रार्थना ऐक' म्हटले जाते आणि सप्ताह संपतो. शेजारच्या गल्लीतील मंडळीला निमंत्रण जात नाही, त्यांच्याकडूनही येत नाही. दोष कोणा एकाचा नाही. नाताळ नुकताच आटोपलेला असतो, सण आणि लग्नसराई चालू असते, आणि ऐक्य हा मोठ्या लोकांचा विषय आहे अशी आपली समजूत असते.

ती बदलायला फार मोठे काही लागत नाही. १९५२ साली स्वीडनमधील लुंड येथे भरलेल्या परिषदेने एक साधी कसोटी मंडळ्यांपुढे ठेवली होती : ज्या बाबतीत खोल मतभेद वेगळे राहायला भाग पाडतात त्या सोडून बाकी सर्व गोष्टी आपण एकत्र का करू नयेत? हा प्रश्न प्रत्येक धर्मग्राम समितीने स्वतःला विचारावा. एका संध्याकाळी शेजारच्या मंडळीच्या पाळकांना बोलावून पवित्र शास्त्राचे वाचन आणि प्रार्थना करता येईल. छोट्या ख्रिस्ती समूहाच्या बैठकीला गल्लीतील प्रॉटेस्टंट कुटुंबाला निमंत्रण देता येईल, आणि त्या दिवशी दोघांनाही म्हणता येतील अशा प्रार्थना निवडता येतील. मिश्र कुटुंबांना त्या सप्ताहात खास आशीर्वाद देता येईल. आणि त्यांच्या चर्चमधून बोलावणे आले, तर आपणही जावे. नेहमी आपणच यजमान असावे, हा आग्रह वॉटसन यांच्या काळचा आहे. कुतुरिए यांनी आपल्याला पाहुणे व्हायलाही शिकवले आहे.

हे करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ज्या गोष्टी अजून एक नाहीत, त्या एक असल्यासारखे वागू नये. धर्मगुरूंना आणि पाळकांनाही अडचणीत टाकू नये. आणि एकत्र प्रार्थना करून घरी परतल्यावर त्याच शेजाऱ्याविषयी जुनेच शब्द वापरू नयेत. संध्याकाळी बरोबर आमेन म्हणणारी जीभ सकाळी चेष्टा करू लागली, तर ती प्रार्थना देवापर्यंत पोहोचली असे कसे मानावे?

संत पॉल यांच्या महामंदिरातील राजाची खुर्ची आणि इझनिकचे तळे आपल्यापासून दूर आहे. पण जानेवारीतील एखाद्या रात्री, मृताच्या घरी वा आजाऱ्याच्या खाटेजवळ, प्रभूने शिकवलेली प्रार्थना पुन्हा सुरू होईल. शेवटच्या मागणीपाशी आपण पोहोचू आणि थांबायची सवय आपल्याला थांबवू पाहील. त्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या बांधवासोबत आपण दोन ओळी पुढे जाऊ शकतो. पिता आपला दोघांचाही आहे, आणि राज्य, सामर्थ्य आणि गौरव त्याचाच आहे हे आपण दोघेही मानतो. वेदी एक होईल ती त्याच्या इच्छेने आणि त्याच्या वेळी होईल. तोपर्यंत आमेन तरी एका श्वासात म्हणू या.